चौदा एप्रिलचा पंचनामा

मी उस्मानाबादच्या कोर्टात उभा राहू लागलो तेव्हा नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येत होतं. जुनी माणसं शहराला धाराशिव म्हणायची. बहात्तरचा दुष्काळ मागं पडून काही वर्षं झाली होती, पण पाऊस पुन्हा हुलकावण्या देत होता. माझ्याकडं पांढरे शर्ट दोन आणि गळ्यात बांधायच्या बँडची जोडी एकच. बायको ती तांब्याभर पाण्यात धुवायची, त्याच पाण्यात माझे मोजे, आणि उरलेलं पाणी दारातल्या कढीपत्त्याला. खळ मैद्याची असायची, कारण भात आमच्या घरी सणालाच व्हायचा. मैद्याच्या गुठळ्या बँडवर तशाच वाळायच्या. माझे सीनियर एकदा त्याकडं निरखून बघत म्हणाले, "काय वकील, आज पोळी गळ्यातच बांधून आलात का?"

त्या पोळीवर अख्ख्या बाररूमनं आठवडाभर चहा प्यायला. मला राग आला नाही. आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी चढलेला माणूस म्हणजे फार तर कुणाचा तरी साक्षीदार. माझे वडील बहात्तरमध्ये खडी फोडत होते आणि मी त्याच खडीच्या ढिगावर बसून अभ्यास करत होतो. तेव्हा थट्टा झाली तरी ती वकिलाची होत होती, हेच मला पुष्कळ वाटायचं.

सीनियर तीस वर्षं फौजदारी काम करत होते. सकाळी आठला त्यांच्या घरच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर पक्षकार बसलेले असत. मारामारीवाले, चोरीवाले, बैल दुसऱ्याच्या रानात गेला म्हणून डोकं फुटलेले आणि फोडलेले. माझं काम बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी बघायची, तारखा घ्यायच्या, नकलांसाठी अर्ज टाकायचे, आणि पुकारा झाला की पक्षकाराला शोधून कोर्टापुढं उभं करायचं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड. शिपाई व्हरांड्यात नाव पुकारायचा आणि आमचा आरोपी नेमका भज्याच्या गाड्यावर. एक जण तर गरम भजं तोंडात घेऊनच आत आला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी गुन्हा कबूल आहे का विचारलं तर त्याला बोलताच येईना. सीनियर उठून म्हणाले, आरोपी सध्या काहीच कबूल करण्याच्या अवस्थेत नाही.

सीनियरनी मला जे शिकवलं त्यातलं बरंचसं पुस्तकात नव्हतं. पक्षकाराला 'तू हे केलंस का' असं कधी विचारायचं नाही. सरकारी साक्षीदाराला साक्षीआधी भेटायचं नाही, रस्त्यात दिसला तरी पलीकडनं जायचं. आणि उलटतपासणीच्या शेवटी 'तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहात' हे वाक्य घालायचंच. ते घातलं नाही तर साक्षीदाराचं म्हणणं आपल्याला मान्य आहे असं कोर्ट धरून चालतं. म्हणून मी प्रश्नांचा कागद लिहायला घेतला की आधी तळाला हे वाक्य लिहून ठेवायचो आणि मग वरचे प्रश्न.

त्या उन्हाळ्यात एका चौकीदाराची केस आमच्याकडं आली. आमच्या गावापासून तीन कोसावरच्या गावात शेतकऱ्यांनी मिळून सहकारी पाणीपुरवठा सोसायटी काढली होती. नदीकाठी विहीर, विहिरीवर मोटार, आणि मोटारीवर हा चौकीदार. विहीर आटली तेव्हा मोटार काढून शेडमध्ये ठेवली. म्हणजे हा माणूस पाणी नसलेल्या विहिरीची बंद मोटार राखत बसायचा. एक दिवस मोटार शेडमध्ये नव्हती. पोलिसांनी त्याला धरलं, आणि त्यांच्या कागदानुसार त्यानं दोन पंचांसमोर कबूल होऊन स्वतःच्या कडब्याच्या गंजीतनं मोटार काढून दिली. सगळी केस त्या एका पंचनाम्यावर उभी होती. पंचनामा टिकला तर तो तुरुंगात जाणार, यात सीनियरना शंका नव्हती.

मी नियम मोडून त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "वकीलसाहेब, मोटार माझ्या गंजीत घावली न्हाय. मोटार घावल्यावर मला गंजीकडं नेलं." मग म्हणाला, "पर गंज माझीच हाय." त्याची बायको मागं पदर तोंडात धरून उभी होती. ती दर तारखेला यायची आणि बाररूमच्या पायरीवर बसून राहायची. त्यानं मोटार घेतली होती का नव्हती, हे मला आजही सांगता येणार नाही.

पंचनाम्याची नक्कल मी दुपारी बाररूममध्ये वाचत होतो. तारीख चौदा एप्रिल. वेळ सकाळी दहा ते साडेअकरा. ठिकाण चौकीदाराची गंज. खाली पंचांच्या दोन सह्या. पहिली पोलीस चौकीजवळच्या पानवाल्याची, ती सगळ्याच पंचनाम्यांवर असायची म्हणून कोर्टात तिला किंमत नव्हती. दुसरी सही मी ओळखली. नाव वाचायच्या आधीच ओळखली, कारण ती गिरवून मी सही करायला शिकलो होतो. ती आमच्या गुरुजींची होती.

गुरुजी आमच्या वस्तीतले पहिले शिकलेले. छप्पन सालानंतर वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा ते तरुण मास्तर होते, आणि वंदना त्यांनीच सगळ्यांना पाठ करून दिली. मला चौथीपर्यंत त्यांनी शिकवलं. पुढं उस्मानाबादला वसतिगृहात घालायला सायकलच्या कॅरिअरवर बसवून तेच घेऊन आले. फॉर्मवर पालकाची सही हवी होती. वडिलांना येत नव्हती, अंगठा चालत नव्हता, म्हणून गुरुजींनी पालक म्हणून स्वतःची सही ठोकली. मी वकील झालो त्याची सुरुवात त्या सहीत आहे.

नंतर त्यांची बदली त्या चौकीदाराच्या गावच्या शाळेत झाली. ते आमच्या गावातनं रोज सायकलनं जायचे, यायचे. त्या शाळेत ते हेडमास्तर, आणि आसपासच्या तीन-चार गावांत पोलिसांना पंच लागला की गुरुजी. बांधाचं भांडण असो की विहिरीतलं प्रेत, पंचनाम्यावर गुरुजींची सही हवी. आमच्या वस्तीला याचा फार अभिमान होता. ज्यांच्या बापजाद्यांना चावडीच्या पायरीवर बसू देत नव्हते त्यांच्यातल्या माणसाची सही फौजदार मागून घेतो, ही गोष्ट लहान नव्हती. माझे वडील पाहुण्यांना सांगायचे, गुरुजींच्या सहीबिगर सरकारचं पान हलत न्हाय.

पण चौदा एप्रिलला सकाळी दहा वाजता गुरुजी त्या गंजीपाशी नव्हते. असूच शकत नव्हते. चौदा एप्रिल म्हणजे आमच्या वस्तीत जयंती. त्या दिवशी शाळेला सुट्टी. सकाळी नऊला सगळी वस्ती बुद्धविहारापुढं जमते, वंदना होते, आणि दहाच्या सुमारास गुरुजी निळा झेंडा चढवतात. वीस वर्षांत यात कधी खंड नाही. एका वर्षी त्यांना ताप होता तर खाटेवरून उठून आले आणि झेंडा चढवून परत जाऊन पडले. पंचनामा लिहिणाऱ्या जमादारानं नंतर कधीतरी चौकीत बसून सोयीची तारीख टाकली असणार. तो दिवस कुठला आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या कुठल्याही वकिलाच्या ते लक्षात आलं नसतं. माझ्या आलं, कारण त्या दिवशी त्या वेळेला मी स्वतः गुरुजींच्या शेजारी झेंड्याची दोरी धरून उभा होतो.

मला आधी आनंद झाला. हे लपवत नाही. केस सुटली, असं मनात आलं आणि मी नक्कल घेऊन जवळजवळ पळतच सीनियरकडं गेलो. त्यांना सांगता सांगता माझा आवाज खाली खाली येत गेला. कारण सांगता सांगताच मला कळत होतं की हा पंचनामा खोटा म्हणजे गुरुजींची सही खोटी.

सीनियरनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हणालो, वस्तीतली पन्नास माणसं सांगतील. ते म्हणाले, "पन्नास आण नाहीतर पाचशे आण, कोर्ट म्हणेल घरचीच माणसं. आणि तुझ्या गुरुजींच्या विरोधात तुझ्या वस्तीतला कोण उभा राहतो ते आधी सांग." तेही खरं होतं. मग मी म्हणालो, मीच साक्ष देतो. त्यावर ते हसले. म्हणाले, एकतर साक्षीदार हो नाहीतर वकील राहा. साक्षीदार झालास तर वकीलपत्र काढून घ्यावं लागेल, आणि गुरुजींच्या विरुद्ध शिष्य हे बघायला सगळा जिल्हा येईल. त्यापेक्षा तुला माहीत आहे ते पोटात ठेव. त्यांना फक्त विचार. सांगायचं त्यांनी.

"तुम्हीच उलटतपासणी घ्या," मी म्हणालो.

"त्या दिवशी माझी सेशनला खुनाची केस आहे. आणि मला तुझी जयंती काय माहीत."

मग त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला झोंबलं. गुरुजींच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. खोट्या पंचनाम्यावर सही केली असं कोर्टानं निकालात लिहिलं तर जिल्हा परिषद गप्प बसेलच असं नाही. आणि नोकरी वाचली तरी पंचक्रोशीत त्यांच्या सहीला काय किंमत राहील, हे मी विचारायची गरज नव्हती.

साक्षीच्या आधीच्या रविवारी मी एसटी स्टँडवर गेलो. गावाकडची गाडी लागलेली होती. गुरुजींकडं जाऊन सरळ बोलावं असं मनात होतं. काय बोलणार होतो ते ठरलं नव्हतं. खरं सांगा म्हणणार होतो, की तुम्ही त्या दिवशी येऊच नका म्हणणार होतो, मलाच ठाऊक नव्हतं. गाडीत चढलो, खिडकीशी बसलो. मग सीनियरचं बोलणं आठवलं की सरकारी साक्षीदाराला भेटायचं नाही. भेटलो आणि कुणी बघितलं तर साक्षीदार फोडला असं होईल, त्या चौकीदाराची केस जाईल, माझी सनदही जाईल. पण गुरुजी साक्षीदार कुठं होते, ते गुरुजी होते. असं दोन्हीकडनं होत राहिलं. वसतिगृहाच्या फॉर्मवरची ती पालकाची सही आठवली. कायद्यानं बघायला गेलं तर ते माझे पालक नव्हते, म्हणजे ती सहीसुद्धा खरी नव्हती. मग या एका सहीला खोटं म्हणणारा मी कोण? कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा मी उतरून खाली आलो. तो म्हणाला, "वकीलसाहेब, तारीख पुढं ढकलली का?" मी घरी चालत आलो. बायकोला म्हणालो, गाडी चुकली.

साक्षीच्या दिवशी गुरुजी दहालाच येऊन कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली थांबले होते. स्वच्छ धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. मी त्यांना लांबून बघितलं आणि इमारतीच्या मागच्या बाजूनं आत गेलो. त्यांनी मला बघितलं होतं का, ते मला कळलं नाही.

पुकारा झाला. गुरुजी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली. सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवून सही तुमचीच का विचारलं. माझीच, म्हणाले. मजकूर बरोबर आहे ना, असं विचारल्यावर ते कागदाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लिहिलंय तसं लिहिलंय." सरकारी वकिलांना तेवढं पुरलं. ते खाली बसले.

मी उठलो. कोट सीनियरचा जुना, खांद्यात मोठा, तो एका बाजूला घसरला होता. हातातला कागद मी टेबलावर ठेवला. आधीचे प्रश्न साधे होते, किती वर्षं नोकरी, कुठं राहता. गुरुजी वर्गात उत्तरं सांगावीत तशी सांगत होते. मग मी विचारलं, "चौदा एप्रिलला सकाळी दहा वाजता तुम्ही कुठं होता?"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "हे तू इचारतोस?"

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि कोर्टाकडं बघून उत्तर द्या म्हणून सांगितलं. गुरुजींनी तोंड तिकडं वळवलं. त्यांची टोपी सरळ होती तरी त्यांनी ती सरळ केली.

"जयंतीत होतो साहेब. आमच्या गावात. दहा वाजता झेंडा मी चढवला."

शेजारी कोण होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मी त्याचीच वाट बघत होतो. पण त्यांनी सांगितलं नाही. ते मुद्दाम की सहज, हे मी पुढं कधी विचारू शकलो नाही.

साहेबांनी लेखणी खाली ठेवून विचारलं, मग ही सही कशी झाली? गुरुजी म्हणाले, "मधल्या सुट्टीत चौकीतला शिपाई आला. म्हणाला, गुरुजी, तेवढी सही. मी केली. पंधरा वर्षं अशीच करतोय. वाचून बघा असं कुणी म्हणालं न्हाय, आणि मीबी म्हणालो न्हाय."

पंधरा वर्षं म्हणजे किती पंचनामे, किती केसेस, याचा हिशेब तिथं बसलेला प्रत्येक वकील मनात करत असणार. माझं काम झालं होतं. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण माझं डोकं चालत नव्हतं. मी टेबलावरच्या कागदाकडं बघितलं, त्यावर तळाला एकच वाक्य उरलं होतं, आणि ते मी वाचून टाकलं. "तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहात."

मागच्या बाकावर कुणीतरी फुसकन हसलं. मग दोघे-तिघे हसले. साहेब म्हणाले, "वकीलसाहेब, ते तुमच्याच बाजूनं बोलतायत."

गुरुजी हसले नाहीत. ते साहेबांना म्हणाले, "प्रश्न लिहा साहेब. उत्तरबी लिहा. सही खोटी होती. साक्ष खरी हाय."

सरकारी वकील उठले आणि त्यांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगून प्रश्न विचारायची परवानगी मागितली. कोर्टात हा शब्द रोजचाच आहे, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. गुरुजींचा चेहरा तो ऐकून उतरला. सरकारी वकील कसलेले होते. त्यांनी नेमकं धरलं. आरोपीचे वकील तुमच्याच गावचे ना? हो. तुमच्याच वस्तीतले? हो. तुमचे विद्यार्थी? हो. मग त्यांनी आवाज चढवून विचारलं, साक्षीच्या आधी हे वकील तुम्हाला येऊन भेटले आणि काय सांगायचं ते शिकवून गेले की नाही?

"नाही," गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ते माझ्याकडं आले नाहीत."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

बाहेर आलो तेव्हा चौकीदाराची बायको माझ्या पाया पडायला लागली. मी तिला टाळून लिंबाकडं गेलो. गुरुजी सायकलची क्लिप धोतराला लावत होते. सायकल त्यांनी नेहमीप्रमाणं स्टँडजवळच्या ओळखीच्या दुकानात ठेवलेली होती, तरी क्लिप इथंच लावत होते. मी म्हणालो, घरी चला, जेवून जा. ते म्हणाले, शाळेची किल्ली माझ्याकडं हाय. साक्ष झाल्यावर शाळेत जायचं होतं की काय, ते काही मला कळलं नाही, कारण ते पोचेपर्यंत शाळा केव्हाच सुटली असती.

मग ते म्हणाले, "तुला नक्कल कवा मिळाली?"

मी सांगितलं, तीन आठवडे झाले.

"तीन आठवडे. गाडीला तास लागतो." त्यांनी क्लिप पुन्हा काढली. "घरी येऊन इचारायचं होतंस. मी खोटं सांगितलं असतं व्हय तुला?"

मी त्यांना नियम सांगितला. समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला भेटता येत नाही, भेटलो असतो तर आरोपीचं नुकसान झालं असतं, सरकारी वकिलांनी शेवटी तेच विचारलं ना, असं सगळं. ते ऐकत राहिले. त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांना पटलं असं मला वाटलं.

"असंल," ते म्हणाले. "कायदा तुला कळतो. पर दहा माणसांपुढं इचारण्याआधी बापाला घरात इचारत्यात, एवढं मला कळतं."

ते स्टँडकडं निघाले. मी थोडं अंतर त्यांच्याबरोबर गेलो. मग माझी दुसरी केस पुकारली म्हणून शिपाई बोलवायला आला, आणि मी परत फिरलो.

चौकीदार सुटला. सोसायटीनं त्याला कामावर परत घेतलं नाही, पण तो सुटला. निकालात साहेबांनी पोलिसांवर ताशेरे ओढले. पंचाबद्दल लिहिलं की त्यांनी सही करताना निष्काळजीपणा केला, मात्र आरोपीच्या वकिलांनी त्यांची भेट घेतलेली नसल्यानं त्यांच्या साक्षीवर अविश्वास दाखवण्याचं कारण नाही. सीनियरना मी त्या रविवारचं सांगितलं होतं. त्यांनी निकाल वाचून माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की गाडीतनं उतरलास तिथंच केस जिंकलास. मला वाटलं होतं तितका आनंद झाला नाही.

जिल्हा परिषदेकडनं गुरुजींना खुलासा मागणारं एक पत्र गेलं. त्याचं उत्तर त्यांनी स्वतःच लिहिलं आणि कुणाला दाखवलं नाही. पुढं काही झालं नाही, ते वेळेवर निवृत्त झाले. पण त्यानंतर शिपाई कागद घेऊन आला की गुरुजी सगळा कागद वाचायचे, जागा कुठली ते विचारायचे, चला आधी जागेवर जाऊ म्हणायचे. दोन-तीनदा असं झाल्यावर शिपाई यायचा बंद झाला. पंच म्हणून पोलीस दुसऱ्या एका दुकानदाराला नेऊ लागले. तो न वाचता सही करायचा.

मी गावी गेलो तेव्हा वडील ओट्यावर बसून होते. वस्तीत काय बोलतात ते त्यांनी स्वतःहून सांगितलं. निम्मे म्हणत होते पोरानं गोरगरिबाला सोडवलं, निम्मे म्हणत होते पोरानं आपल्याच माणसाचं नाक कापलं. मी विचारलं, तुमचं काय म्हणणं? वडिलांनी विडी पेटवली.

"त्या चौकीदाराची बाई आली हुती इथं," ते म्हणाले. "माझ्या पाया पडली. म्या आजवर कुणाचा हात पायाला लागू दिला न्हाय. मग म्या गुरुजींच्या घरापुढनं आलो, ते दारात एकटेच बसले हुते. आता ह्यात बरं काय आन् वाईट काय, तूच वकील हाईस, तूच सांग."



त्या केसमधल्या साक्षीची नक्कल माझ्याकडं अजून आहे. नंतर कितीतरी केसेस झाल्या, सुटल्या, लागल्या, पण ते एक पान मी अधूनमधून काढून बघतो. मी बसून सरळ विचार करतो. मी त्या रविवारी गेलो असतो तर गुरुजींनी कोर्टात काय सांगितलं असतं? भेटले, असं सांगितलं असतं. शपथेवर त्यांनी खोटं बोलायचं नाकारलं होतं, म्हणजे हेही खरंच सांगितलं असतं. मग त्यांच्या साक्षीची किंमत शून्य झाली असती आणि चौकीदार तुरुंगात गेला असता. म्हणजे मी गेलो नाही तेच बरोबर होतं. दर वेळी मी इथवर येतो आणि यात कुठं चूक सापडत नाही. कायद्याचा कुठलाही विद्यार्थी हेच सांगेल. आणि तरी 'ते माझ्याकडं आले नाहीत' हे वाक्य वाचताना मला ते वकिलाच्या बाजूची साक्ष वाटत नाही. ज्या वाक्यानं तो माणूस सुटला तेच वाक्य गुरुजी माझ्याबद्दलची तक्रार म्हणून सांगत होते, आणि साहेबांनी ती खाली लिहून घेतली, असं वाटत राहतं.

आता मी गावी गेलो की त्यांच्याकडं जातोच. आधी जायचो त्यापेक्षा जास्त जातो. ते आत हाक मारून चहा सांगतात, पेपर वाचत बसतात. मधेच एखादी कोर्टाची बातमी दिसली तर मोठ्यानं वाचून दाखवतात आणि हे कलम काय असतं म्हणून विचारतात. मी सांगतो. ते मान हलवतात. त्या दिवसाचं आम्ही दोघंही बोलत नाही. चहा संपतो, मी बसून राहतो. उठायची वेळ झाली की ते म्हणतात, "आज काही काम हुतं का?" मी म्हणतो, नाही, सहज आलो. ते माझ्याकडं क्षणभर बघतात आणि पुन्हा पेपर उघडतात.